फॉस्फरस नावाचे कोणी गृहस्थ नाहीत

लष्कर, ग्वाल्हेर
२२ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप सौ. शरयूवहिनींना,

पद्माचा दोन्ही हात जोडून नमस्कार. दोन्ही हात जागेवर आहेत, बोटंही दहाच्या दहा आहेत. तुमच्या पत्रात हा प्रश्न तीन वेळा आला आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर दिलं. तुमची कंबर आता कशी आहे? शेकायला वाळूची पुरचुंडी घेता की अजून ती गरम विटकरच? दादाचा खोकला गेला असेल तर बरं, नसेल तर त्याला हे पत्र झोपून ऐकू द्या. वाचून तुम्हीच दाखवा, त्याच्या हातात देऊ नका. कंसातला मजकूर तुमच्यासाठी आहे. तिथे आलात की थोडं खाकरा आणि पुढच्या ओळीवर जा.

दादा रागावला आहे, आणि त्याचा राग वाजवी आहे. दसऱ्यानंतर मी कायमची पुण्याला यायचं ठरलं होतं. मागची खोली तुम्ही माझ्यासाठी रिकामी केली, दादा दोन दिवस ओळीने स्टेशनवर गेला, आणि माझ्याऐवजी तार आली. मी इथल्या तारघरात लिहून दिलं होतं, ‘फॉस्फरस प्रकरणात अडकले, पत्र मागाहून.’ वाटेत कुठल्या तरी तारमास्तरांच्या हातून ‘प्रकरणात’ हा शब्द गळला, कोणीतरी त्याजागी ‘मध्ये’ जोडलं आणि तुमच्याकडे पोचलं ते ‘फॉस्फरसमध्ये अडकले.’ त्यावर दादाने मला जे चार पानी पत्र लिहिलं ते मी जपून ठेवणार आहे. हे फॉस्फरस कोण, किरिस्ताव की पारशी, त्यांचं वय काय, घरात आधीची बायको आहे का, आणि सदतिसाव्या वर्षी बहिणीने अडकायचंच होतं तर निदान आधी कळवायला नको होतं का, असं सगळं त्याने विचारलं आहे. (दोन ठिकाणी शाई पसरली आहे. तो रडला असेल का हो? मला फार वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.) तर दादा, फॉस्फरस हे मूलद्रव्य आहे. पिवळट मेणबत्तीसारखी त्याची कांडी असते आणि उघड्यावर ठेवली तर ती आपण होऊन पेटते. म्हणून तिला जन्मभर पाण्यात बुडवून ठेवावं लागतं. पाण्यात ती विरघळत नाही. आपल्या संस्थानाला हा गुण असता तर दादाची नोकरीही टिकली असती.

आता ही वस्तू माझ्या आयुष्यात आली कशी ते सांगते. अट्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं, तेव्हा दरबारच्या कुठल्याशा खात्याची प्रयोगशाळाही बंद झाली आणि तिथली कपाटं शाळाशाळांना वाटून टाकली. एक आमच्या दौलतगंजच्या कन्याशाळेला मिळालं. किल्ली मिळाली नाही. मागायची कोणाकडे, ते खातंच उरलं नव्हतं. आठ वर्षं त्या कपाटावर आम्ही नकाशे ठेवत होतो. यंदा मध्य भारतही जाणार, नवं राज्य होणार, भोपाळ राजधानी होणार असं कळलं आणि वरून हुकूम आला की ज्याच्या ताब्यात जे आहे त्याची यादी करा. यादीसाठी लोहार बोलावून कपाट उघडलं. आत दोन तुटके तराजू, एक घुबडाचा सांगाडा, आणि खालच्या फळीवर रुंद तोंडाची मोठी बाटली होती. चिठ्ठी वाळवीने खाल्लेली. आत नऊ कांड्या, आणि त्यांच्यावर पाणी राहिलं होतं जेमतेम एक बोट. मी बूच सैल केलं, लसणासारखा वास आला, आणि मी ते पुन्हा घट्ट बसवलं. मार्च महिना होता. आणखी एक उन्हाळा ते कपाट बंद राहिलं असतं तर पाणी आटलं असतं, आणि त्याच्या बरोबर वरच्या खोलीत सातवीच्या बेचाळीस मुली बसतात.

आमच्या मुख्याध्यापिका सुलोचनाबाई फार शांत बाई आहेत. मी त्यांना सांगितलं की याला हवा लागली की हा पेटतो. त्या म्हणाल्या, “मग त्याला हवा लावूच नका.” मी म्हटलं, मी आजच मैदानावर नेऊन याची वाट लावते, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यावर त्यांनी चष्मा काढला. सरकारी वस्तू परवान्याशिवाय नष्ट केली तर शाळेची मान्यता जाईल, आणि तुमचं नाव तर आधीच जादा शिक्षिकांच्या यादीत आहे, असं त्या म्हणाल्या. हे खरं होतं. नव्या राज्यात मुलींना विज्ञान शिकवायला इतक्या बाया कशाला, असं वर कोणाला तरी वाटलं होतं आणि ज्या तिघींवर काट मारली त्यांत मी होते. त्यामुळे मी मुकाट अर्ज लिहिला, तातडीच्या परवान्यासाठी. त्याचं नवं नाव ‘आपात अनुज्ञापत्र’ असं आहे. हे नाव मला नीट उच्चारता यायलाच दोन दिवस लागले.

परवाना शाखा म्हणजे जुन्या दफ्तरखान्याच्या इमारतीतल्या तीन खोल्या. मी गेले तेव्हा त्या रिकाम्या होत्या. उन्हाळ्यात राजधानी इंदूरला जाते हे तुम्हाला आठवत असेलच. तशी साहेबापासून शाईच्या दौतीपर्यंत सगळी शाखा इंदूरला निघून गेली होती. मागे फक्त संभाजीराव होते. टपाल घ्यायला कोणीतरी पाहिजे म्हणून त्यांना प्रभारी नेमून ठेवलं होतं. हे संभाजीराव पन्नाशीचे, उंच, मिशा पांढऱ्या, बोलणं अगदी हळू. त्यांच्या चार पिढ्या शिंद्यांच्या रिसाल्यात. ते स्वतः रिसाल्यातल्या घोड्यांची नोंद ठेवत, कुठल्या घोड्याचा बाप कोण, कपाळावर चांद आहे की नाही, कोण चावतो, कोण पाण्याला भितो. मग फौज मोडली, घोडे गेले, आणि माणसं जिथे जागा रिकामी तिथे बसवली. संभाजीराव धोकादायक पदार्थांत आले. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, “बाईसाहेब, हे जनावर खातं काय?” मी म्हटलं, हवा. ते अर्ज खाली ठेवून म्हणाले, “फिर तो मुश्किल आहे.”

मुश्कील पुढे कळली. वस्तू कामाची असेल तर परवाना लागत नाही, पण मग ती नष्ट करता येत नाही. नष्ट करायची तर आधी ती निकामी ठरली पाहिजे. निकामी ठरवायचा अधिकार ज्या खात्याने ती दिली त्याचा, आणि ते खातं विलीन झालेलं. तातडीच्या परवान्याला मात्र यातलं काही लागत नाही. त्याला फक्त तातडी आहे असा अग्निशमनवाल्यांचा दाखला लागतो. मी त्यांच्याकडे गेले. तिथले जमादार भले गृहस्थ होते. ते म्हणाले, “बहनजी, हम तो आग लगने के बाद ही लिख के दे सकते हैं.” संभाजीरावांनी हे सगळं टाचणीने एकत्र टोचून इंदूरला पाठवलं आणि आम्ही वाट बघायला लागलो.

वहिनी, त्या वाट बघण्याबद्दल काय सांगू. शाळेला सुट्टी लागली. एप्रिल गेला, मे आला, तुम्हाला माहीतच आहे इथला मे, दुपारी बाराला नई सडकेवर कुत्रं दिसत नाही. फॉस्फरस चव्वेचाळीस अंशांना वितळतो आणि आमच्याकडे सावलीत पंचेचाळीस. मी प्रयोगशाळेच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, बाटली मोठ्या माठात पाण्यात उभी केली, आणि रोज सकाळी अकरापासून उन्हं उतरेपर्यंत तिथे बसून पडद्यांवर पाणी मारत राहिले. सगळ्या लष्करात तेवढी एकच खोली गार असेल. बाहेर भाजणारी लू वाहायची, पडद्यातून ओल्या वाळ्याचा वास यायचा, खोलीत पाण्याच्या तळाशी असावा तसा हिरवा अंधार. पाणी घालायला बूच काढलं की बाटलीच्या गळ्यात एक फिकट उजेड हलायचा. त्याने काही उजळत नसे, तो नुसताच असायचा. मी हनुवटी टेकून बघत बसायची. कधी झोप लागायची, कधी झोप नसतानाच स्वप्न पडायचं. एकदा वाटलं आपली आई दारात ताटली घेऊन उभी आहे आणि विचारते आहे, तुला वाढू का याच्याजवळच? (हे दादाला नको. तो म्हणेल, डोक्यावर परिणाम झाला. झाला असेल, पण सुखाचा होता.)

मेच्या दुसऱ्या आठवड्यात संभाजीराव स्थळपाहणीला आले. पाहणी पाच मिनिटांत झाली. मग ते मागच्या बाकावर बसले आणि सहा वाजेपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, म्हणाले, अहवालात एक ओळ राहिली. त्यानंतर ओळ रोजच राहू लागली. दफ्तरात टपालही येत नव्हतं आणि तिथल्या भिंती तव्यासारख्या तापायच्या, तेव्हा त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. ते घोड्यांच्या गोष्टी सांगायचे. एक घोडी बँड वाजला की डोळे मिटून घ्यायची, एक घोडा फक्त तेलुगू शिपायाचं ऐकायचा. कधी माझ्या हातातलं भांडं घेऊन ते पडद्यावर पाणी मारायचे, घोड्याच्या पाठीवर मारावं तसं, लांबून आणि मायेने. सुलोचनाबाई एकदा डोकावून गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेची एक बाई दारात तांदूळ निवडायला बसू लागली. शाळेत तांदूळ शिजत नाही.

जूनमध्ये इंदूरहून उत्तर आलं. अर्जात पदार्थाचं वजन पाण्यासकट दिलं आहे, ते ग्राह्य नाही. पाण्याविना निव्वळ वजन कळवावं. मी कळवलं की पाण्याविना हा पदार्थ पेटतो. उत्तर आलं, पेटण्यापूर्वीचं वजन कळवावं.

मी ते पत्र टेबलाच्या खणात टाकलं आणि विसरले. संभाजीराव विसरले नाहीत. आयुष्यभर त्यांनी कुठला रकाना रिकामा सोडला नव्हता. एकोणीस जूनला, दुपारी दोनच्या सुमाराला, मी बाहेरच्या नळावर बादली भरायला गेले होते. परत येते तो हा गृहस्थ टेबलाशी उभा, समोर कपाटातला एक तराजू मी दुरुस्त करून ठेवलेला, आणि हातात चिमटा. एक कांडी त्यांनी बाहेर काढली होती आणि निव्वळ वजन हवं म्हणून ती दफ्तरातल्या टिपकागदाने हलक्या हाताने पुसत होते. मी म्हटलं, “संभाजीराव, ती खाली ठेवा.” त्यांनी आज्ञाधारकपणे ती तराजूच्या पारड्यात ठेवली. पारड्यातून पांढरा धूर निघाला, मग पिवळी ज्योत. शेजारून टिपकागद पेटला. तेव्हा त्यांनी जे केलं ते मूर्खपणाचं होतं आणि मी ते कधी विसरणार नाही. सरकारी वस्तू जळते आहे म्हणून त्यांनी ती जळती कांडी उजव्या हाताने उचलली आणि बाटलीत परत घालायला गेले.

बाटली आडवी झाली, टेबलाच्या कडेवर आपटली आणि फुटली. उरलेल्या आठ कांड्या टेबलावर, आणि पाणी चारी कडांनी खाली. वहिनी, मी घाबरट आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पाल दिसली तर मी अजून पलंगावर चढते. पण त्या वेळी मला भीती वाटायला जागाच झाली नाही. जळती कांडी त्यांच्या हातून सुटून पडली होती, तिच्यावर वाळूची घमेली उलटी केली. त्यांचा हात धरला आणि माझ्या भरलेल्या बादलीत कोपरापर्यंत बुडवला. सांगितलं, हा हात वर आला तर पुन्हा पेटेल. मग दुसऱ्या बादलीत माठातलं पाणी ओतलं आणि चिमट्याने एकेक कांडी तिच्यात टाकली. आठही टाकून झाल्यावर दिसलं की पायाशी पाण्याची धार लागली आहे. ती दुसरी बादली बुडाला गळकी होती. सुलोचनाबाईंनी तिची दुरुस्ती वर्षभर पुढे ढकलली होती.

ती बादली घेऊन मी पळाले. प्रयोगशाळेपासून खेळाच्या मैदानापर्यंत किती पावलं आहेत ते मला कधी माहीत नव्हतं, त्या दिवशी मोजली गेली, सत्तर. साठाव्या पावलाला बादली हलकी लागायला लागली होती. लांब उडीच्या वाळूत पोचले आणि उभी राहिले. तिथे मला एकदा मनात आलं, परवाना नाही. यादीतलं माझं नाव आलं, शाळेची मान्यता आली, दादा म्हणेल तेही आलं. मग बादलीतून पहिला धूर वर आला. मी सगळं वाळूत ओतलं, चिमट्याने कांड्या दूर दूर पसरल्या आणि वाऱ्याच्या उलट बाजूला जाऊन उभी राहिले.

त्या एकामागून एक पेटल्या. भर उन्हात ज्योत फारशी दिसत नव्हती, पण धूर असा दाट आणि पांढरा की कोणी आभाळातून कापसाची गादी सोडते आहे असं वाटावं. लू थोडी पडली होती. धूर शाळेच्या छपराएवढा चढला, तिथे थोडा रेंगाळला, आणि सराफ्याच्या दिशेने हळूहळू निघून गेला. दौलतगंजातल्या गच्च्यांवर बाया उभ्या राहिल्या होत्या. मला तर वाटलं की मीही त्या धुराबरोबर थोडीशी वर उचलली जाते आहे, आणि खाली वाळूत चिमटा धरून उभी असलेली ती बाई कोणी दुसरीच आहे, आणि ती बाई मला आवडली.

परत आले तर संभाजीराव सांगितलं होतं तसेच, बादलीत हात घालून, गुडघे टेकून. बोटांवर फोड आले होते. मी मोरचूद पाण्यात कालवून हात धुतला, कण काढले, आणि डॉक्टर येईपर्यंत तास सव्वा तास त्यांचा हात पाण्याखाली धरून बसले. (पाण्याखाली होता, वहिनी. तांदूळ निवडणारी बाई समोरच होती.) त्या तासाभरात ते एकदाच बोलले. म्हणाले, “बाईसाहेब, माझ्या वरच्या खिशात फॉर्म आहे, जरा काढता?” तो तातडीच्या परवान्याचा कोरा फॉर्म होता, महिनाभर त्यांच्या खिशात घडी होऊन बसला होता. त्यांनी तो जमिनीवर पसरला आणि डाव्या हाताने भरला. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं. ‘आपत्ति का स्वरूप’ या रकान्यात लिहिलं, ‘आग’. ‘आपत्ति का समय’, तिथे लिहिलं, ‘अभी’. खाली सही केली, प्रभारी म्हणून. सहीचा शेवट कागदाबाहेर फरशीवर गेला.

ऑक्टोबरात शाखा इंदूरहून परत आली आणि नवीन साहेबांनी फाइल उघडली. सरकारी वस्तू नष्ट केल्याचा आरोप माझ्यावर, आणि खोटी सही करून परवाना दिल्याचा संभाजीरावांवर. त्यांची एरवीची सही तलवारीसारखी सरळ, आणि ही अशी. दोघांचीही नोकरी जाणार असंच सगळे धरून चालले होते. चौकशीची तारीख पडली ती माझ्या पुण्याच्या गाडीच्याच दिवशी, सकाळी अकराला.

साहेब तरुण होते, तापट नव्हते, पण त्यांना पुरावा हवा होता. त्यांनी संभाजीरावांना कागद दिला आणि डाव्या हाताने सही करून दाखवा म्हणाले. संभाजीरावांनी केली. ती जुळली नाही. पुन्हा केली. ही तर चांगलीच सुबक आली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा संभाजीराव उभे राहून म्हणाले, “हुजूर, एक बादली पाणी मिळेल?” शिपायाने बादली आणली. संभाजीरावांनी कोटाची बाही वर सारली, साहेबांच्या टेबलाशी जमिनीवर गुडघे टेकले, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, कागद फरशीवर ठेवला आणि डाव्या हाताने सही केली. शेवट कागदाबाहेर गेला. साहेब खुर्चीतून उठले, दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीशी गेले आणि बराच वेळ उजेडात बघत राहिले. वेलांटीसुद्धा तशीच पडली होती.

मग त्यांनी प्रभारी नेमल्याचा हुकूम मागवला. त्यात परवाने देऊ नयेत असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण ते देतील असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. परवाना कायदेशीर ठरला. फाइल बंद करता करता साहेबांनी सहज विचारलं की त्या प्रयोगशाळेची कपाटं आणखी किती शाळांना दिली होती. यादी निघाली. सात. आणि त्यांतलं एकही अजून कोणी उघडलेलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याच आठवड्यात मला हुकूम मिळाला, सातही शाळांतल्या धोकादायक वस्तूंची विल्हेवाट मी लावायची, आणि जादा शिक्षिकांच्या यादीतून माझं नाव काढलं आहे. परवान्यांचं कोरं पुस्तक सोबत दिलं आहे. आता तातडी आहे की नाही ते मीच ठरवते.

अशी सगळी हकीकत आहे. दादाला सांगा, मी त्याला दोन दिवस स्टेशनवर उभं केलं याची मला लाज वाटते. तुम्ही रिकामी केलेली खोली पुन्हा भरून टाका. चिरंजीवांना आशीर्वाद, सगळ्यांना यथायोग्य नमस्कार.

तुमची,
पद्मा

ता. क. दादा तारखा आणि वेळा फार बारकाईने बघतो, तेव्हा त्याने पकडण्याआधी मीच सांगते. चौकशी दुपारी एकला संपली. गाडी संध्याकाळची होती आणि तो हुकूम मिळायला अजून चार दिवस होते. मला अडवणारं काहीही नव्हतं. मी वळकटी घेऊन स्टेशनवर गेले, डब्यात खिडकीशी जागाही मिळाली. गार्डाने शिट्टी दिली तेव्हा माझ्या लक्षात आलं की परवा सकाळी मी ज्या घरात उठेन तिथे मला सगळे प्रेमाने वागवतील आणि मला करायला काही नसेल. मी उतरले. बाकावर बसून गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत बघितली, मग तारघरात गेले. तार तेव्हाची आहे.

ता. क. दुसरा. (संभाजीरावांची बदली शाखेबरोबर भोपाळला झाली. गेल्या आठवड्यात त्यांचं कार्ड आलं. तिथे दोन तलाव आहेत, हवा दमट आहे, उजव्या हाताने आता लिहिता येतं, एवढंच आहे. मी ते बऱ्याच वेळा वाचलं. उत्तर अजून लिहिलेलं नाही, रोज एक ओळ राहते.)

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच लिहायला घेतलं. तुमच्या उषेने मला परस्पर लिहिलं आहे, तिला रागावू नका. चौदा वर्षांची पोर, तिला पुढे विज्ञान घ्यायचं आहे आणि दादाने गृहशास्त्राचा फॉर्म भरून ठेवला आहे. एप्रिलमध्ये परीक्षा झाली की तिला माझ्याकडे पाठवा. दादा म्हणेल, एवढ्या लांब पोरीला एकटीला कसं पाठवायचं. त्यावर माझं म्हणणं असं की एकटीला पाठवूच नका, सोबत तुम्ही या. लग्न होऊन इथे आलात तेव्हा माझं विज्ञानाचं पुस्तक चुलीशी उघडं ठेवून तुम्ही वाचत होतात आणि दूध उतू गेलं होतं. दूध मी सांडलं असं मी आईला सांगितलं, ते तुम्हाला वाटतं तितकं मी विसरलेली नाही. मॅट्रिकला बाहेरून बसणाऱ्या बायकांना वयाची अट नाही, मी चौकशी केली आहे. फॉर्म सोबत जोडला आहे. नाव, गाव, जन्मतारीख सगळं मी भरलं आहे. सहीची जागा तेवढी कोरी आहे.